सुजलेली पोटरी चोळू नये

पायांतील अशुद्ध रक्ताला हृदयाकडे परतताना चढ चढावा लागतो. चालताना पोटरीचे स्नायू नीलांना दाबून ते वर ढकलतात. नीलांतील झडपा ते मागे फिरू देत नाहीत. शस्त्रक्रिया, प्लास्टर वा प्रदीर्घ प्रवासामुळे पाय निश्चल राहिला की प्रवाह मंदावतो व खोल नीलेत गुठळी होऊ शकते. अशी गुठळी निसटून फुप्फुसात अडकते, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८४६ च्या सुमारास दाखवून दिले.

एकाच पायाची पोटरी अकस्मात सुजून दुखू लागली, की घरोघरी प्रथम तेलाची बाटली शोधली जाते. ही चोळाचोळ टाळावीच. गुठळी सुटली तर प्राणावर बेतू शकते. सोनोग्राफीने निदान होते आणि रक्त गोठू न देणारी औषधे वेळीच सुरू करता येतात. त्यातच दम लागला किंवा छातीत कळ आली, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.