खार जमीन : बांध, उघाडी आणि पाऊस

ठाणे खाडी आणि पनवेल खाडी यांच्या काठचा सखल प्रदेश हा मूळचा मिठागरांचा, खाजणांचा आणि भातखाचरांचा मुलूख होय. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवी मुंबई वसू लागली. त्यापूर्वी येथील आगरी समाज पिढ्यान्‌पिढ्या मीठही पिकवीत असे आणि भातही. एकाच खाडीच्या काठी ही दोन्ही पिके कशी निघत, हे ध्यानात आले म्हणजे क्षारतेचा प्रश्न बराचसा उलगडतो.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. मीठ पाण्याला आपल्याकडे ओढते. मातीत क्षार वाढले म्हणजे रोपाच्या मुळाशी हेच घडते. जमीन ओली असूनही मुळांना पाणी घेता येत नाही आणि रोप तहानेने करपते. शिवाय मातीत सोडियमचे प्रमाण फार झाले, तर तिचे कण विस्कटतात, निचरा बंद पडतो आणि तीच माती ओली असता चिखल व वाळली असता दगडासारखी होते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्याच्या शेजारी भात पिकवायचा, तर दोन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली, बांध घालून भरती अडविणे. दुसरी, पावसाचे पाणी शेतात कोंडून क्षार विरघळविणे आणि ओहोटीच्या वेळी उघाडीवाटे ते बाहेर सोडणे. चार महिने पाऊस जमीन गोडी करतो. उन्हाळ्यात ओल वर चढून आटते आणि मीठ पुन्हा पृष्ठभागावर फुलते. म्हणजे ही जमीन एकदा सुधारून कायमची सुधारत नाही. तिची सेवा दरसाल करावी लागते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल १’, ‘पनवेल २’ व ‘पनवेल ३’ अशा क्षार सोसणाऱ्या भातजाती दिल्या आहेत. पण बांध फुटल्यावर बियाणे तरी काय करणार?

बांध एकट्याचा नसतो. एका ठिकाणी खांड पडली की साऱ्या शिवारात खारे पाणी शिरते. म्हणूनच १९४८ साली मुंबई राज्यात आणि पुढे १९७९ साली महाराष्ट्रात खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदे झाले. तरीही रायगड जिल्ह्यात दुरुस्तीवाचून फुटलेल्या बांधांमागे शेते बुडाली आणि त्यांत तिवरे उगवली. तिवरे लाटांचा जोर मोडतात, माशांच्या पिल्लांना आसरा देतात. त्यांची तोड १९८० सालापासून नव्हे, तर पूर्वीही अविचाराचीच होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली ती निषिद्ध ठरविली ते योग्यच झाले. परंतु वेळेवर बांध न सांधल्यामुळे ज्याचे शेत गेले, त्या शेतकऱ्याचे नुकसान कोणी भरून द्यावे? तिवरांचे स्थान बांधाच्या बाहेर, भाताचे आत. ही मर्यादा सांभाळण्याचा खर्च समाजानेच उचलला पाहिजे.

समुद्रापासून दूर असलेले लोकही निर्धास्त नाहीत. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठी उसाला अतोनात पाणी दिल्याने चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. तेथे बांध फुटला नाही. निचरा विसरला गेला.

नवी मुंबईतील धारण तलावही उघाडीच्याच तत्त्वावर चालतात : भरतीला दार बंद, ओहोटीला मोकळे. शेत गेले, शहर आले. पाण्याचा नियम मात्र बदललेला नाही. पाण्याला वाट ठेवणे, हे पूर्वी शेतकऱ्याचे काम होते. आता ते नागरिकांचे आहे.