रुपया तोच, किंमत वेगळी

वस्तू महागल्या असे आपण म्हणतो. तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिली तर रुपया स्वस्त झालेला असतो. नोटेवरचा आकडा बदलत नाही. त्या नोटेत येणारे सामान कमी होते. यालाच रुपयाची क्रयशक्ती घटणे म्हणतात.

परमपूज्य बाबासाहेबांनी रुपयाकडे याच बाजूने पाहिले. (आपल्या स्मरणिकांतून बाबासाहेब घटनाकार म्हणून नेहमी भेटतात, अर्थशास्त्रज्ञ म्हणून क्वचितच, म्हणून आम्ही हा विषय घेतला.) १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, रुपयाचा पौंडाशी असलेला दर सांभाळून भागत नाही, देशातल्या बाजारात त्याची क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी हेच मांडले. रुपया उतरला की व्यापारी-कारखानदारांना नफा होतो. पण भाव आधी चढतात, मजुरी मागाहून आणि तीही अपुरी. मधला फरक मजुराच्या ताटातून जातो.

ही घट मोजतात कशी? औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक लेबर ब्युरो दरमहा काढते. त्यासाठी ज्या केंद्रांतून भाव गोळा होतात, त्यांत नागपूरही आहे. धान्य, डाळ, तेल, कपडा, घरभाडे, औषधपाणी अशी कामगार कुटुंबाची एक पिशवी कल्पावी आणि आधार वर्षी तिची किंमत १०० मानावी. आधार वर्षे १९६०, १९८२, २००१, २०१६ अशी बदलत गेली. जुनी मालिका नवीला जोडण्याचे गुणक ४.९३, ४.६३ आणि २.८८ आहेत. तिन्हींचा गुणाकार सुमारे ६५.७ येतो. म्हणजे १९६० साली एक रुपया जे काम करी, त्याला २०१६ साली पासष्टाहून अधिक रुपये लागत. पिशवीतले सामानही काळाप्रमाणे बदलले, तेव्हा हा हिशेब ढोबळच धरावा.

आम्हा बँक कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता दर तिमाहीला याच निर्देशांकावरून ठरतो, त्यामुळे बरीचशी भरपाई होते. पण इंदोरा, लष्करीबागेतल्या ज्या घरांची चूल एम्प्रेस मिलच्या पगारावर पेटत होती, त्यांचे काय? मिल २००२ साली बंद पडली. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १००० रुपये झाली, मात्र तिला महागाई भत्ता जोडला गेला नाही. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तरी दहा वर्षांनी त्या हजारात पूर्वीचे ६१४ रुपयांचेच सामान येते. काउंटरवर एखादे काका पासबुक पुढे करून विचारतात, “साहेब, काही कापलं का जी?” पासबुकात तर १००० च असतात. कापले गेलेले तिथे दिसत नाही.

विद्यार्थ्यांनी एक सोपा हिशेब लक्षात ठेवावा. ७२ ला महागाईच्या दराने भागले की रुपयाची किंमत अर्धी व्हायला लागणारी वर्षे साधारण कळतात. ६ टक्क्यांना १२ वर्षे. १९९१ साली दर १३ टक्क्यांच्या वर गेला होता; तो तसाच राहता तर साडेपाच वर्षांतच अर्धा रुपया उरला असता.

संस्थांच्या शिष्यवृत्त्यांनाही हे लागू आहे. १००० रुपयांची शिष्यवृत्ती पंधरा वर्षे तशीच ठेवली, तर ५ टक्के महागाईत तिची किंमत पाचशेच्याही खाली जाते. वार्षिक सभेत जमाखर्च वाचताना ही रक्कम कोणत्या साली ठरली होती, तेही सभासदांनी विचारावे.