रुंद बायपास आणि द्रुतगती मार्ग: गल्लत कुठे होते

मुंबईहून पुण्याला येणारी गाडी किवळ्याला द्रुतगती मार्ग सोडते आणि देहूरोड-कात्रज बायपासला लागते. समोर पुन्हा तेच दिसतं: मधे दुभाजक, दोन्ही बाजूंना तीन-तीन पदर, वर मोठमोठ्या पाट्या. ड्रायव्हरने वेग कमी करावा असं रस्ताच त्याला सांगत नाही. मागच्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरमध्ये दुचाकी आणि रिक्षांना बंदी होती. इथे कॉलेजला निघालेली मुलगी स्कूटीवरून त्याच पदरात असते आणि सेवा रस्त्यावरून पाण्याचा टँकर मुख्य रस्त्यात शिरत असतो. दोन्ही रस्ते दिसायला सारखे आहेत. बायपास रुंद करण्याबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज या सारखेपणातून येतात.

‘अजून दोन पदर टाका, झाला एक्स्प्रेसवे’

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. पहिली गोष्ट म्हणजे दुपदरी बायपासमध्ये दुभाजक घालून तो चौपदरी करणं. याचा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सपाट भागातल्या दुपदरी रस्त्याची क्षमता दिवसाला १५,००० धरतात आणि दुभाजक असलेल्या चौपदरीची ३५,०००. ट्रक-बसचं कारमध्ये रूपांतर करून केलेला हा हिशेब आहे. पदर दुप्पट झाले तरी क्षमता दुपटीहून जास्त वाढते, कारण दुपदरी रस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर समोरून येणाऱ्याच्या पदरात जावं लागतं. दुभाजक आला की हा जुगार संपतो आणि समोरासमोरच्या धडका खूपच कमी होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे द्रुतगती मार्गाचा दर्जा. तो पदरांच्या संख्येवर ठरत नाही. रस्त्यावर कोण, कुठून आणि कसा येऊ शकतो यावर ठरतो. साध्या चौफुलीवर वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना भिडतात. द्रुतगती मार्गावर अशी एकही चौफुली नसते. आडवी वाहतूक वरून किंवा भुयारी मार्गाने जाते आणि आत येणारी गाडी वेग घ्यायला पुरेशा लांबीच्या वेगळ्या पदरातून येते. पेट्रोल पंप, हॉटेल, गोदाम किंवा सोसायटी यांपैकी कुणाचंही दार थेट मुख्य रस्त्यावर उघडत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गाला जोडरस्ता काढायचा तर परवानगी लागते, तसा २००२ चा कायदाच आहे. तरीही दुभाजकाचे दगड सरकवून केलेले कट आणि मातीचा भराव टाकून केलेली वाट कुठल्या बायपासवर दिसत नाही?

शिवाय वेगाची भूमिती वेगळी आहे. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढवावी लागते. ताशी ८० किलोमीटरसाठी आखलेलं वळण १२० ला तितकंच सुरक्षित ठेवायचं तर त्याची त्रिज्या सव्वादोन पट हवी. जुन्याच वळणांवर पदर वाढवले तर रस्ता रुंद होतो, आखणी मात्र जुन्याच वेगाची राहते.

‘मधे जागा सोडलेली आहे, फक्त डांबर टाकायचं’

ब्रिटनचा पहिला मोटरवे हा एका शहराचा बायपास होता. प्रेस्टन शहराला वळसा घालणारा हा सव्वाआठ मैलांचा रस्ता ५ डिसेंबर १९५८ रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी खुला केला. लँकेशायरचे सर्व्हेअर जेम्स ड्रेक यांना सुरुवातीपासून प्रत्येक बाजूला तीन पदर हवे होते. मंजुरी दोनचीच मिळाली, म्हणून तिसऱ्या पदरासाठी मधली पट्टी रुंद सोडली गेली. पुढे साठच्या दशकात तिसरा पदर त्या सोडलेल्या जागेत बसला. नव्वदच्या दशकात चौथा पदर करायचा ठरला तेव्हा मात्र जुने पूलच आड आले आणि बहुतेक पूल पाडून नव्याने बांधावे लागले.

बायपासच्या रुंदीकरणात डांबराचा किंवा काँक्रीटचा पट्टा हा सर्वांत सोपा भाग असतो. वेळ आणि पैसा जातो तो पुलांत, भुयारी मार्गांत, भूसंपादनात आणि चालू वाहतूक न थांबवता काम करण्यात. मधे मोकळी जमीन दिसली म्हणून काम वर्षात उरकेल असं म्हणणाऱ्यांनी पूल मोजावेत.

‘रस्ता मोठा, म्हणजे सुरक्षित’

या गैरसमजाची किंमत पुण्याने फार जबर मोजली आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

याच बायपासवर कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत काही किलोमीटर सलग उतार आहे. ४० टनांचा भरलेला ट्रक १०० मीटर उंची उतरतो तेव्हा सुमारे चार कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. खोलीच्या तापमानाचं सव्वाशे लिटर पाणी उकळीला यावं इतकी ती आहे. ट्रक खालच्या गिअरमध्ये असेल तर यातली बरीच ऊर्जा इंजिन पेलतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापत जातात आणि ठरावीक तापमानानंतर पेडल कितीही दाबलं तरी पकड मिळत नाही. ज्याला आपण ‘ब्रेक फेल’ म्हणतो, तो अनेकदा शेवटच्या क्षणी आलेला बिघाड नसतो. तो कित्येक मिनिटं आधी, उताराच्या माथ्यावर सुरू झालेला असतो.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने अनेक गाड्या ठोकरल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच पट्ट्यात पुन्हा ट्रकच्या धडकेनंतर वाहनांनी पेट घेतला आणि त्यात माणसं गेली. दर वेळी ड्रायव्हरच्या बेशिस्तीची चर्चा होते. ती बेशिस्त खरी आहे, तिला शिक्षाही व्हायला हवी. पण उतार ड्रायव्हरने आखलेला नाही. उताराच्या पायथ्याशी शहराची वाहतूक रांगेत उभी राहील अशी रचनाही त्याची नाही. रस्त्याच्या मानकांप्रमाणे ताशी ६० च्या वेगात अडथळा दिसल्यापासून थांबायला ८० मीटर धरतात, १०० च्या वेगात १८० मीटर. रस्ता जितका सरळ आणि रुंद, तितका वेग नकळत वाढतो. म्हणजे रुंदीकरणाने वेग वाढवला आणि खाली रांग तशीच ठेवली, तर धोका वाढतो. वेगमर्यादेच्या पाट्या, कॅमेरे, रंबलर हे सगळं लावायलाच हवं. पण माझ्या मते खरा उपाय एकच आहे: लांबची वाहतूक आणि स्थानिक वाहतूक वेगळी करणं.

आणि इथेच सेवा रस्त्याचा प्रश्न येतो. वारजे, बावधन, बाणेर, वाकड इथला दुचाकीस्वार हौस म्हणून महामार्गावर चढत नाही. सेवा रस्ता नदीपाशी, ओढ्यापाशी, पुलापाशी तुटतो आणि पलीकडे जायला मुख्य रस्त्याशिवाय वाटच उरत नाही. त्याला पर्याय न देता उद्या बायपासवर दुचाकीबंदीची पाटी लावली, तर ती पाटी पहिल्याच सकाळी मोडली जाईल आणि त्यात त्याची चूक नसेल.

‘सहापदरी झाला की कोंडी सुटली’

रस्त्याची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद जागेइतकी असते. याच बायपासवरच्या चांदणी चौकात दोन्हीकडून रुंद रस्ता येत होता, पण जुन्या पुलाखाली जागा कमी पडायची आणि वर मुळशी, बावधन, कोथरूडची वाहतूक अडकायची. २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटेपूर्वी तो पूल स्फोटकांनी पाडला गेला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नवा बहुमजली चौक खुला झाला. तिथली कोंडी कमी झाली, हे मान्य करायला हवं. पण एक गाठ सुटली की पुढची गाठ जाणवू लागते.

त्याहून खोल कारण असं की रस्ता मोकळा झाला म्हणजे तो वापरणारे वाढतात. ब्रिटिश सरकारनेच नेमलेल्या सल्लागार समितीने १९९४ साली हा निष्कर्ष काढला होता: नव्या रस्त्यामुळे नवी वाहतूक निर्माण होऊ शकते. पुण्यात ती नुसती वाहतूक नव्हती, अख्खी उपनगरं होती. शहराबाहेरून जायला काढलेल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शहर वाढलं. २०२१ साली महापालिकेत २३ गावं आली, त्यात नऱ्हे, सूस, बावधन बुद्रुक ही बायपासलगतची गावं होती. आता बायपास नावापुरताच बाहेरचा राहिला आहे.

हे टाळायची तरतूद कागदावर आहे. मोकळ्या भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा असते. इमारत रेषेच्या आत बांधकाम नको आणि दोन्ही रेषांच्या मधे होणाऱ्या बांधकामावर नियंत्रण हवं, असा तिचा अर्थ आहे. गावाची हद्द शहराला जोडली गेली की ही अंतरं कमी होतात. बायपासचं रुंदीकरण अवघड आणि महाग होतं ते इथे, इंजिनिअरांच्या हातात काम येण्याच्या कितीतरी आधी.

रस्ते विकास महामंडळाचा पुण्याभोवतीचा नवा वर्तुळाकार मार्ग सुरुवातीपासून नियंत्रित प्रवेशाचाच आखला आहे. जुन्या बायपासवरची लांबची वाहतूक त्यावर गेली, तर नवले पुलापासून वाकडपर्यंतचा पट्टा शहराचा रस्ता म्हणून नीट घडवता येईल: सलग सेवा रस्ते, मुठा आणि मुळेवर त्यांचे स्वतंत्र पूल, पायी ओलांडायला भुयारी मार्ग, बसथांब्यांना वेगळी जागा. साताऱ्यापासून नाशिकपर्यंत ज्या गावांचे बायपास रुंद व्हायचे आहेत, त्यांच्या नकाशांवर हरकती नोंदवताना पदर किती आहेत हे सगळेच बघतात. सेवा रस्ता कुठल्या ओढ्यापाशी तुटतो, भुयारी मार्गातून ऊस भरलेला ट्रॅक्टर जाईल का आणि शाळा रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे, हे त्याच नकाशात दिसतं. काम सुरू व्हायच्या आधी ते बदलता येतं.