मिठाची गाठ

बारामतीहून सणसरच्या वाटेने इंदापूरकडे निघाले, की उन्हाळ्यात कालव्याखालची काही राने पांढरी पडलेली दिसतात. परक्या माणसाला वाटावे, कोणी चुना सांडला. ते असते मीठ. त्या रानात ऊस गुडघ्याएवढा होतो आणि पिवळा पडून बसतो.

हे दुखणे जुने आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. दुष्काळी मुलखाला पाणी मिळाले, ऊस आला. आणि पंचवीस वर्षांत, १९१० साली, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन यांना ताम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका काढावी लागली.

मीठ म्हणजे काय, हे कळल्याशिवाय या रानाचे दुखणे कळायचे नाही. सोडियम हा धातू. त्याच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन: दोन, आठ आणि बाहेरच्या कक्षेत एकटा एक. तो त्याला सहज सोडता येतो. क्लोरीन अधातू. त्याच्याकडे १७: दोन, आठ, सात. आठाला एक कमी. सोडियमचा तो एक क्लोरीनकडे जातो. देणाऱ्यावर धन भार येतो, घेणाऱ्यावर ऋण. मग हे भारित कण, म्हणजे आयन, एकमेकांना ओढून धरतात. हाच आयनिक बंध. वर्गात याला कधीकधी लग्नाची उपमा देतात. मला ती पटत नाही. मिठाच्या खड्यात जोडपी नसतातच. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. ही भावकी झाली! ती इतकी घट्ट, की मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. साधे पाणी मात्र ती सोडवते. पाण्याचा रेणू एका अंगाने किंचित धन, दुसऱ्या अंगाने किंचित ऋण असतो. असे पुष्कळ रेणू एकेका आयनाला घेरून बाहेर काढतात.

घात इथेच आहे. काळ्या रानात पाट सैल हाताने सोडला आणि निचरा नसला, की जमिनीखालचे पाणी वर येते. खडकाच्या झिजेतून सुटलेले क्षार विरघळवून घेऊन येते. ऊन पाणी तेवढे उडवते. आयन मागे राहतात, पुन्हा जुळतात.

चोपण रान याहून वाईट. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. एरवी त्यांना कॅल्शियम बांधून ठेवतो. त्याने दोन इलेक्ट्रॉन दिलेले, म्हणून पकड दुहेरी. पण सोडियम फार झाला, की ती जागा बळकावतो. माती फुगते, कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच तुंबते. म्हणून तिथे जिप्सम घालतात. त्यातही आयनच, कॅल्शियम आणि सल्फेट. कॅल्शियम आपली जागा परत घेतो; सुटलेला सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात उतरतो.

नुसत्या खारवट रानाला जिप्सम लागत नाही, गोड्या पाण्याने धुवावे लागते. म्हणून पोती आणण्याआधी माती तपासून घ्यावी; सामू साडेआठच्या वर गेला, तर चोपणाचा संशय धरावा. आणि चर दोन्हीकडे हवाच. चर नसेल, तर सुटलेला सोडियम जाणार कुठे? चराचे पाणी ओढ्याने नीरेत जाते, नीरा नरसिंहपूरला भीमेत मिळते, आणि भीमेच्या वाटेवर पुढे पंढरपूर लागते.