पंचाने पाहावे तरी काय?

दिनांक ३ नोव्हेंबर २०१९ रोजी लिव्हरपूल शहरातील गुडिसन पार्क मैदानावर एव्हर्टन आणि टॉटनहॅम या संघांचा सामना चालू होता. टॉटनहॅमचा कोरियन खेळाडू सन ह्युंग-मिन याने एव्हर्टनच्या आंद्रे गोमेश याच्यामागे धावत जाऊन त्याच्या पायात पाय घातला. गोमेशचा तोल गेला, तो सर्ज ओरिये या दुसऱ्या खेळाडूवर आदळला आणि पडताना त्याचा घोटा असा काही मुरगळला की जवळच्या खेळाडूंनी डोळे मिटून घेतले. पंच मार्टिन अ‍ॅटकिन्सन यांचा हात प्रथम पिवळ्या कार्डाकडे गेला होता. मोडलेला पाय पाहिल्यावर त्यांनी लाल कार्ड काढले. सन रडत रडत मैदानाबाहेर गेला. दोनच दिवसांनी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ते लाल कार्ड रद्द ठरविले.

आता प्रश्न असा की, त्या काही क्षणांत बदलले काय? सनने जे केले ते तर होऊनच गेले होते. बदलले ते एवढेच की, त्याचा परिणाम पंचांच्या दृष्टीस पडला. इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलमध्ये धोकादायक टॅकलवरून शनिवारी-रविवारी जे वाद झडतात, आणि दूरचित्रवाणीमुळे आता आपल्या पुण्या-मुंबईच्या घरांतूनही झडतात, त्यांची मेख या प्रसंगात आहे. खेळाडूचा हेतू, त्याची कृती आणि तिचा परिणाम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भांडताना आपण त्यांची खिचडी करतो, आणि मग कोणाचेच समाधान होत नाही.

टॅकल म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायाजवळचा चेंडू आपल्या पायाने हिसकावून घेणे. यात मुळातच धोका आहे, कारण चेंडू आणि नडगी यांत चार बोटांचेही अंतर नसते. बुटाच्या तळव्याला पकड यावी म्हणून बसविलेले खुंट, ज्यांना स्टड म्हणतात, ते नडगीवर पूर्ण वेगाने बसले तर हाड टिकत नाही. हा धोका खेळात कितपत चालवून घ्यायचा, हा वाद इंग्लिश फुटबॉलच्या जन्माइतकाच जुना आहे. किंबहुना त्या वादातूनच तो खेळ जन्मला असे म्हटले तरी चालेल. १८६३ साली लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये निरनिराळ्या क्लबांचे प्रतिनिधी नियम ठरविण्यास बसले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा ठेवावी की काढावी यावर मोठी खडाजंगी झाली. ब्लॅकहीथ क्लबच्या कँपबेल यांचे म्हणणे असे की, ही मुभा काढली तर खेळातले शौर्यच संपेल. दुसऱ्या बाजूस अशी मंडळी होती की ज्यांना सोमवारी सकाळी धड पायांनी कामावर जायचे होते. मुभा निघाली आणि ब्लॅकहीथ बाहेर पडला. पुढे १८७१ मध्ये रग्बी युनियन स्थापणाऱ्यांत तो होता.

आरंभीच्या त्या नियमांत पंचाचा उल्लेखही नाही. सभ्य गृहस्थ आपली चूक आपण होऊन कबूल करील असे गृहीत धरलेले! १८९१ साली पंच मैदानाच्या आत आला आणि पेनल्टी किकही त्याच वर्षी आली. आपल्या मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली तीही त्याच साली. सद्‌गृहस्थ मुद्दाम कोणाला पाडील अशी कल्पना करणे हाच अपमान होय, असे म्हणणारे खेळाडू तेव्हा होते. या समजुतीमुळे नियमाचा सारा भर हेतूवर राहिला. पाडले खरे, पण मुद्दाम पाडले का, हे पंचाने ठरवायचे.

हा काळ फार लांबला. १९५७ च्या एफ.ए. चषकाच्या अंतिम सामन्यात अ‍ॅस्टन व्हिलाच्या पीटर मॅकपार्लंडच्या धडकेने मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वूड याच्या गालाचे हाड मोडले. बदली खेळाडूची तेव्हा सोयच नव्हती. मॅकपार्लंड मैदानावर राहिला आणि त्याच्या दोन गोलांवर व्हिलाने चषक जिंकला. पुढच्याच वर्षी बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाऊसने हॅरी ग्रेगला चेंडूसकट जाळ्यात ढकलले. गोल मान्य झाला. ग्रेग हा तीन महिन्यांपूर्वीच्या म्युनिक विमान अपघातातून वाचून आलेला खेळाडू होता, हे लक्षात घेतले म्हणजे तेव्हाच्या लोकांची खेळाकडे पाहण्याची दृष्टी किती कणखर होती, किंवा किती कठोर होती, हे ध्यानात येते.

याहून बोलके उदाहरण १९७० चे आहे. चेल्सी आणि लीड्स यांचा अंतिम सामना बरोबरीत सुटल्याने तो २९ एप्रिल रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर पुन्हा खेळला गेला. खेळाडूंनी एकमेकांना लाथाडले, आडवे केले, हवेत उडवले. पंच एरिक जेनिंग्स यांनी सबंध सामन्यात फक्त एका खेळाडूचे नाव वहीत टिपून घेतले. १९९७ साली डेव्हिड एलरे या पंचांनी त्या सामन्याचे चित्रण नव्या नियमांच्या कसोटीवर तपासले, तेव्हा त्यांच्या हिशेबाने सहा लाल आणि वीस पिवळी कार्डे निघाली असती. २०२० मध्ये मायकेल ऑलिव्हर यांनी तेच चित्रण पाहिले. त्यांची लाल कार्डेच अकरा झाली. सामना तोच, लाथाही त्याच. तेव्हा जेनिंग्स आंधळे होते असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्या काळाने त्यांना जेवढे पाहावयास सांगितले होते, तेवढे त्यांनी पाहिले.

बदल झाला तो १९९० नंतरच्या दशकात. नियमातून हेतूचा शब्द काढून टाकण्यात आला आणि अपराधाच्या तीन पायऱ्या ठरल्या. पहिली निष्काळजीपणाची, तिला नुसती फ्री किक. दुसरी बेपर्वाईची, म्हणजे समोरच्याला लागेल याची क्षिती न बाळगता पाय घालणे. तिला पिवळे कार्ड. तिसरी अतिरेकी बळाची; तिला लाल कार्ड. १९९८ साली असे स्पष्ट झाले की, प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता धोक्यात आणणारे पाठीमागून केलेले टॅकल हा गंभीर अपराध होय. २००५ साली त्यातले ‘पाठीमागून’ हे शब्दही गळले. धोका कोणत्या बाजूने आला याला महत्त्व उरले नाही.

हे नीट समजले म्हणजे प्रेक्षकांच्या एका लाडक्या युक्तिवादातील हवा निघून जाते. तो युक्तिवाद असा : “अहो, पण त्याने चेंडू घेतला होता ना!” ८ जानेवारी २०१२ रोजी एफ.ए. चषकाच्या सामन्यात मँचेस्टर सिटीचा कर्णधार व्हिन्सेंट कोंपनी याने दोन्ही पाय पुढे टाकून झेप घेतली. चेंडू त्याने स्वच्छ मिळविला. समोरच्या नानीला ओरखडाही उमटला नाही. पंच ख्रिस फॉय यांनी लाल कार्ड दाखविले. सिटीचे अपील फेटाळले गेले आणि त्या मोसमातील हे दुसरे लाल कार्ड असल्याने कोंपनीवर चार सामन्यांची बंदी आली. पुष्कळांना हा अन्याय वाटला. माझ्या मते निर्णय बरोबर होता. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले की शरीर थांबविणे खेळाडूच्या हाती राहत नाही. नानी अर्धे पाऊल पुढे असता तर काय झाले असते, हे नशिबावर सोपविलेले होते.

उलट बाजूचे उदाहरण त्याच मोसमातले. ऑक्टोबर २०११ मध्ये एव्हर्टनच्या जॅक रॉडवेलला लिव्हरपूलच्या सुआरेझवरील टॅकलबद्दल मैदानाबाहेर काढण्यात आले. तेथेही त्याने चेंडू मिळविला होता. परंतु येथे झेपही नव्हती आणि बेताल जोरही नव्हता. असोसिएशनने पुढे ते कार्ड रद्द केले. पण दहा खेळाडूंनिशी हरलेला सामना काही परत मिळत नाही.

हेतू नियमातून काढला हे बरे झाले, याचा पुरावा रॉय कीनच्या प्रकरणात आहे. एप्रिल २००१ मध्ये मँचेस्टरच्या दोन संघांच्या सामन्यात त्याने आल्फ-इंगे हालांड याच्या गुडघ्यावर बूट घातला. हा आजच्या एर्लिंगचा बाप. पंच होते वर सांगितलेले एलरेच. त्यांनी लाल कार्ड दाखविले, तीन सामन्यांची बंदी झाली आणि प्रकरण मिटले. २००२ साली कीनचे आत्मचरित्र निघाले. चार वर्षांपूर्वीच्या रागाचा आपण सूड उगविला, असा त्यातील मजकुराचा अर्थ निघत होता. मग आणखी पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंड दंड. म्हणजे पंचाने हेतू ओळखायचा तर आरोपीचे पुस्तक छापून होईपर्यंत थांबावे लागते! एलरे यांनी मनाचा थांग लावण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी बूट पाहिला, आणि तेवढे पुरले.

परिणामाचे तसे नाही. तो डोळ्यांत भरतो. फेब्रुवारी २००८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मार्टिन टेलरच्या टॅकलने आर्सेनलच्या एदुआर्दोचा पाय मोडला. टेलरने पुन्हा कधी फुटबॉल खेळूच नये, असे आर्सेनलचे व्यवस्थापक वेंगर बोलून गेले. त्याच संध्याकाळी त्यांनी शब्द मागे घेतले. एका माणसाचा पाय मोडला म्हणून दुसऱ्याची भाकरी काढून घ्यावी, असे क्षणभर त्यांच्यासारख्या विचारी माणसालाही वाटले. त्यात माणूस म्हणून मला काही गैर दिसत नाही, पण न्याय म्हणून दिसते. इजेची भरपाई मागण्याची जागा वेगळी आहे. १९९४ मध्ये पॉल इलियट हा खेळाडू डीन सॉन्डर्सविरुद्ध लंडनच्या न्यायालयात हरला. १९९८ मध्ये गॉर्डन वॉटसन मोडलेल्या पायाचा दावा जिंकला. तेथे साक्षी होतात, वकील बोलतात, न्यायाधीश सवडीने विचार करतात. पंचाला शिट्टी तोंडात धरून दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते.

ही सवड पंचालाही मिळावी म्हणून २०१९-२० च्या मोसमापासून प्रीमियर लीगमध्ये चित्रफितीची मदत आली. वाद मिटतील अशी आशा होती. झाले ते भलतेच. ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनचा गोलरक्षक पिकफर्ड याच्या झेपेने लिव्हरपूलच्या व्हॅन डाइकच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. खेळ ऑफसाइड ठरला आणि पिकफर्डला कार्डच मिळाले नाही. वास्तविक ऑफसाइडने गंभीर अपराध पुसला जात नाही. आपली चूक झाली हे पंच ऑलिव्हर यांनी पुढे मान्य केले.

दुसरी अडचण संथ चित्राची आहे. पूर्ण वेगात जे पाऊल घसरलेले दिसते, तेच संथ गतीत मुद्दाम रोवल्यासारखे दिसते. संथ चित्र पाहणारे पंच अधिक कडक शिक्षा देतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले आहे. म्हणूनच बूट कोठे लागला हे संथ गतीत पाहावे, पण जोर किती होता हे मूळ वेगातच पाहावे, असा दंडक आहे. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमच्या मैदानावर लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सचा पाय चेंडूवरून घसरून बिसूमाच्या नडगीवर गेला. पंच सायमन हूपर यांनी पिवळे कार्ड दाखविले. मग त्यांना पडद्यापाशी बोलावण्यात आले. तेथे आधीच एक चित्र थांबवून ठेवलेले होते : नडगीवर टेकलेला बूट. कार्ड लाल झाले. लिव्हरपूलचे व्यवस्थापक क्लॉप यांची तक्रार नेमकी त्या गोठविलेल्या चित्राविषयी होती. पण त्याच सामन्यात लिव्हरपूलच्या लुईस डियासचा वैध गोल पडद्यामागच्या पंचांच्या घोटाळ्याने नाकारला गेला, आणि पुढचा सारा आठवडा इंग्लंडात त्या गोलाचीच चर्चा झाली. जोन्स तीन सामने बाहेर बसला.