गाडी एकाची, बॅटरी दुसऱ्याची

सन २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात भारताच्या बाजारात विजेवर चालणारी एक नवी मोटार आली. विंडसर हे तिचे नाव, आणि तिची किंमत जे.एस.डब्ल्यू. एम.जी. मोटर या कंपनीने जाहीर केली ती ९ लाख ९९ हजार रुपये. आकाराच्या मानाने ती स्वस्त होती यात शंका नाही. मात्र जिच्यावाचून गाडी तसूभरही हलणार नाही ती बॅटरी या किमतीत धरलेली नव्हती. बॅटरी गिऱ्हाइकाने भाड्याने घ्यावयाची आणि तिचे भाडे दर किलोमीटरला साडेतीन रुपये याप्रमाणे भरावयाचे. ज्यास हे मान्य नसेल त्याने बॅटरीसुद्धा सगळी गाडी साडेतेरा लाखांस घ्यावी. चाके, दारे, आसने व यंत्र एकाच्या मालकीचे, आणि ते सर्व चालविणारी शक्ती जिच्यात साठते ती पेटी दुसऱ्याच्या मालकीची, असा हा व्यवहार होता.

मध्यम स्थितीतील गृहस्थाला हे थोडे चमत्कारिक वाटावे हे साहजिक आहे. मोटारीच्या मालकीची त्याची कल्पना साधी आहे. पाच-सात वर्षे हप्ते फेडावेत, दहा-बारा वर्षे गाडी वापरावी, आणि शेवटी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला इंजिनाचा आवाज ऐकवून ती विकून टाकावी. या सर्व काळात गाडी कोणाची, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही. विजेची मोटार हाच प्रश्न उभा करते. पेट्रोलच्या गाडीत टाकी म्हणजे पत्र्याची वा प्लॅस्टिकची एक स्वस्त पेटी. महाग असते ते तिच्यातील तेल, आणि ते जसे लागेल तसे घेता येते. विजेच्या गाडीत याच्या नेमके उलट. आतील वीज स्वस्त, आणि ती साठविणारी पेटी इतकी महाग की गाडीच्या किमतीचा चौथा-तिसरा हिस्सा तिच्यातच जातो. म्हणजे पुढील दहा वर्षांचा बराचसा इंधनखर्च गिऱ्हाइकाने पहिल्याच दिवशी मोजल्यासारखे होते. त्यातून ही पेटी वापराने व नुसत्या वयानेही हळूहळू क्षीण होत जाणारी. तेव्हा हा भार कोणी वाहावा याविषयी घासाघीस व्हावी, यात नवल नाही.

ही घासाघीस आजची नाही. सन १८९७ मध्ये न्यूयॉर्क शहरात विजेच्या भाडोत्री गाड्या धावू लागल्या. त्यांतील शिशाची बॅटरी अर्ध्या टनाच्या घरात जाई; ती उतरली की गाडी तळावर नेऊन यंत्राच्या साहाय्याने बॅटरीच बदलून घेत. त्या कंपनीचा ओढा गाड्या विकण्याकडे नसून भाड्याने देण्याकडे होता. बॅटरीची निगा सामान्य माणसाच्या हातून होणार नाही, हे तिच्या चालकांनी ओळखले होते. याहून लक्षात घेण्याजोगे उदाहरण अमेरिकेतीलच कनेक्टिकट संस्थानातल्या हार्टफर्ड शहराचे. तेथील वीज कंपनीने १९१० च्या सुमारास विजेच्या मालमोटारींसाठी एक योजना काढली. व्यापाऱ्याने मालमोटार बॅटरीवाचून विकत घ्यावी. भरलेली बॅटरी वीज कंपनी पुरवील. व्यापाऱ्याने दर मैलामागे आकार द्यावा आणि देखभालीसाठी महिन्याची ठराविक रक्कम भरावी. ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तेवढ्या अवधीत या गाड्या साठ लाख मैलांहून अधिक धावल्या. विंडसरच्या जाहिरातीत मैलाऐवजी किलोमीटर आणि डॉलरऐवजी रुपया आला, इतकाच काय तो फरक, असे प्रथमदर्शनी वाटेल.

पण फरक आहे, आणि तो मोठा आहे. हार्टफर्डच्या व्यापाऱ्याला पैशाच्या मोबदल्यात भरलेली बॅटरी मिळे, जुनी झालेली बदलून मिळे, विजेचाही खर्च त्यातच येई. विंडसरची बॅटरी गाडीच्या तळाशी कायमची बसविलेली आहे. ती अशी काढून बदलता येत नाही आणि विजेचे पैसे मालकानेच निराळे भरावयाचे आहेत. तेव्हा हे भाडे वस्तुतः कर्जाच्याच जवळचे आहे. फक्त त्याचा हप्ता महिन्यावर न बसविता अंतरावर बसविला आहे.

हिशेब करून पाहिल्यास हे स्पष्ट होते. दोन किमतींमधील अंतर सुमारे साडेतीन लाखांचे, आणि भाडे साडेतीन रुपये. म्हणजे एक लाख किलोमीटर धावल्यावर भाड्याची रक्कम त्या अंतराइतकी होते. कचेरी आगगाडीने गाठणारे आणि गाडी रविवारी बाहेर काढणारे कुटुंब महिन्याला ६०० किलोमीटर फिरले, तर हा लाख पुरा व्हावयास जवळजवळ चौदा वर्षे लागतील. उलट महिन्याला ३,००० किलोमीटर धावणारा टॅक्सीवाला तीन वर्षे होण्याच्या आतच तो ओलांडील. यावरून ही योजना कमी फिरणाऱ्याच्या सोयीची ठरते. परंतु सावकार इतका भोळा नसतो. काही वित्तसंस्था दरमहा किमान ठराविक अंतराचे भाडे घेतातच, मग गाडी दारात उभी का असेना. ती अट करारात आहे की नाही, एवढ्या एका गोष्टीवर सारा हिशेब फिरतो. पेट्रोलशी तुलना करावयाची तर २०२४ साली मुंबईत पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर होते. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या गाडीस किलोमीटरमागे सात रुपये पडत. घरच्या विजेचा खर्च किलोमीटरला दीड रुपया धरला आणि त्यात साडेतीन रुपये भाडे मिळविले तर बेरीज पाचांवर थांबते. बचत आहे, पण जाहिरातीतून वाटते तेवढी नाही.

बॅटरी खरोखरच बदलून देण्याचा प्रयोग या शतकात इस्राएलमध्ये मोठ्या थाटाने झाला. शाई अगासी यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या बेटर प्लेस या कंपनीने रस्तोरस्ती अशी स्थानके उभारली की गाडी आत शिरावी आणि यंत्रमानवाने सुमारे पाच मिनिटांत खालची बॅटरी काढून दुसरी बसवावी. बॅटरी कंपनीची, गाडी गिऱ्हाइकाची. भांडवल उभे राहिले ते ८० कोटी डॉलरांवर. पण त्या स्थानकांत चालेल अशी गाडी एकच होती, रेनॉल्टची फ्लुएन्स. दुसऱ्या कोणत्याही कारखानदाराने आपल्या गाडीचा तळ त्या मापाचा केला नाही. गिऱ्हाइके दीड हजारांच्याही आत राहिली आणि २०१३ च्या मे महिन्यात कंपनीचे दिवाळे निघाले. चीनमधील निओ कंपनी मात्र त्याच वाटेने जाऊन टिकली, कारण गाड्याही तिच्याच आणि स्थानकेही तिचीच. २०२० च्या ऑगस्टपासून तिची गाडी बॅटरीवाचून घेणाऱ्याला ७०,००० युआन कमी पडू लागले, आणि बदल्यात महिन्याला ९८० युआन भरावे लागत. म्हणजे सुमारे सहा वर्षांत दोन्ही रकमा सारख्या. तथापि २०२४ अखेरपर्यंत कोणत्याही वर्षी तिला नफा झालेला नव्हता, हेही सांगावयास हवे. दुचाकी गाड्यांत ही पद्धत अधिक सहज रुजते. तैवानमध्ये गोगोरो कंपनीच्या स्कूटरवाल्याला बॅटरी हाताने काढून रस्त्याकडेच्या कपाटात ठेवता येते आणि भरलेली उचलून घेता येते. मोटारीच्या बॅटरीचे वजन माणसाच्या हाताबाहेरचे, आणि म्हणून तिचे स्थानकही कोट्यवधींचे.

मालकी विभागली गेली की अडचणी कोठून येतात, ते फ्रान्समध्ये दिसून आले. रेनॉल्टने आपली झोई ही छोटी मोटार तेथे प्रथम बॅटरी भाड्याने देऊनच विकली. गाडी स्वस्त पडली, लोकांनी घेतली. पण काही वर्षांनी ती विकावयाची वेळ आली तेव्हा नव्या गिऱ्हाइकाला कळे की गाडीबरोबर दरमहाचा करारही घ्यावा लागणार. घर विकत घ्यावे आणि स्वयंपाकघराचे भाडे मात्र दुसऱ्याला देत राहावे, तसाच हा प्रकार. अशा गाड्यांना किंमत कमी येई. शिवाय भाडेकरार संपल्यास दुरूनच बॅटरीत वीज भरणे बंद पाडण्याचा हक्क कंपनीने करारात राखून ठेवला होता. कर्ज बुडविणाऱ्याची गाडी पूर्वी निदान कोणी दारात येऊन ओढून नेई; येथे ती दारातच निश्चल व्हावयाची. पुढे कंपनीने बॅटरीसह गाडी विकण्याचाही मार्ग मोकळा केला.

जुन्या गाडीच्या किमतीचा प्रश्न बॅटरी स्वतःची असली तरी सुटत नाही. विजेच्या यंत्राचा आवाज ऐकून काही कळावयाचे नाही. विचारावयाचे ते एवढेच की बॅटरीची धारणाशक्ती किती उरली आहे. कारखानदार साधारणपणे ८ वर्षांची अथवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. विंडसरच्या पहिल्या मालकाला तर आजन्म हमी दिली गेली. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की ती ८ वर्षांवर येते. या कलमात मोठा अर्थ आहे. एकच वस्तू पहिल्याच्या हाती अधिक मोलाची आणि दुसऱ्याच्या हाती कमी मोलाची ठरते, आणि तो फरक विकणाऱ्याच्या खिशातून जातो. दुसरी गोष्ट बॅटऱ्यांच्या उतरत्या भावाची. लिथियम बॅटरीत एक युनिट वीज साठविण्याच्या सोयीसाठी २०१० मध्ये हजार डॉलरांहून अधिक पडत. २०२४ मध्ये जगाची सरासरी ११५ डॉलरांच्या आसपास आली. नव्या गिऱ्हाइकाला ही पर्वणी, पण चार वर्षांपूर्वी पूर्ण किंमत देऊन बसलेल्याची गाडी त्याच मानाने उतरते. भाव असा पडत असताना बॅटरी भाड्याची असणे काही अंशी शहाणपणाचे आहे, कारण पडत्या भावाचा तोटा तेव्हा मुख्यतः बॅटरीच्या धन्याला लागतो.

भारतात कायद्याने ही वाट मोकळी केली आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने १२ ऑगस्ट २०२० रोजी बॅटरीवाचून विजेच्या गाड्या विकण्यास व नोंदविण्यास अनुमती दिली. करांचा मेळ मात्र तितकासा जमलेला नाही. विजेच्या गाडीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे आणि सुट्या लिथियम बॅटरीवर १८ टक्के. बॅटरी गाडीच्या पोटात असता स्वस्त, बाहेर काढली की महाग! ज्यांना बॅटरी बदलून देण्याचा धंदा करावयाचा आहे, त्यांना ही तफावत जाचते.

मोटारीतून निवृत्त झालेली बॅटरी भंगारात जाते असेही नाही. तिच्यात बहुधा सत्तर-ऐंशी टक्के शक्ती शिल्लक असते. गाडीला ती अपुरी पडते, इमारतीला पुरते. ॲम्स्टरडॅम येथील योहान क्रुइफ अरेना या फुटबॉलच्या क्रीडागारात २०१८ पासून निसान लीफ गाड्यांच्या १४८ बॅटऱ्यांएवढा साठा आहे, काही नव्या, काही वापरलेल्या, आणि तो तीन मेगावॅटपर्यंत वीज पुरवू शकतो. बॅटरीला म्हातारपणीही किंमत आहे. जो भाड्याची बॅटरी घेतो त्याला ही किंमत कधी मिळत नाही. ती सावकाराच्या वहीत जमा होते, आणि भाड्याचा दर ठरविताना त्याने ती आधीच हिशेबात धरलेली असते.