जुन्या इंजिनाचा दम

होडीच्या मागील फळीला अडकवावयाचे सुटे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, जुने विकत घेताना गिऱ्हाईक आधी रंग पाहते, मग आवाज ऐकते आणि बहुधा तेथेच फसते. रंग एका दुपारात देता येतो. आवाजाचे म्हणाल, तर दोन सिलिंडरांपैकी एक अर्धे निकामी झालेले इंजिनही ओझे नसताना पाण्याच्या पिंपात बरे चालते. त्याचे खरे रूप उघडे पडते ते भरलेली होडी ओहोटीच्या धारेविरुद्ध खाडीत घेताना. आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या एखाद्या छोट्या मच्छीमाराची वर्षाची पुंजी त्या वेळी त्याच फळीला टांगलेली असते.

इंजिनाचे बळ दाबात आहे. दट्ट्या वर चढताना हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि मगच ठिणगी पडते. दट्ट्याची कडी झिजली, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडले किंवा माथ्याखालचे गॅस्केट फुटले, की ही दाबलेली हवा वाट काढून निसटते. हा दम मोजण्याचा दाबमापक फार महाग नसतो. तो स्वतःचा असावा. विकणाऱ्याचा मागू नये.

प्रथम इंजिनाला हात लावून पाहावा. गिऱ्हाईक येण्यापूर्वीच ते तापवून ठेवलेले असेल, तर थंड इंजिन किती दोर ओढल्यावर सुरू होते हे कळावयाचे राहून जाते. सुरू झाल्यावर ते पाण्यातच थोडा वेळ चालवावे. कोरडे चालविल्यास पंपाचा रबरी पंखा जळतो. इंजिन कोमट झाले की बंद करून सर्व स्पार्क प्लग काढावेत आणि त्यांच्या तारा इंजिनाच्या धातूला जोडाव्यात. उघड्या भोकांतून इंधनाची वाफ येत असता ठिणगी उडता कामा नये. मग एका भोकात मापक घट्ट बसवावा, थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि काटा चढेनासा होईपर्यंत पाचसहा वेळा दोर जोराने ओढावा. दुसऱ्या सिलिंडरलाही तितकेच हिसके द्यावेत.

लहान टू-स्ट्रोक इंजिनांत हा आकडा पुष्कळदा दर चौरस इंचास ९० ते १२० पौंडांच्या आसपास येतो. पण मापकामापकांत फरक असतो आणि प्रत्येक बनावटीचे माप वेगळे. म्हणून आकड्यापेक्षा आकड्यांतील अंतर अधिक बोलके. ९८ व ९५ दाखविणारे इंजिन घ्यावे. १२५ व ९० दाखविणारे सोडावे. शेकडा १० पेक्षा मोठी तफावत संशयास्पदच समजावी. दोन्ही सिलिंडर सारखेच झिजले असतील तर इंजिन नुसते म्हातारे आहे. एकच खचले असेल तर त्याला काही तरी झाले आहे. खाऱ्या पाण्याच्या मिठाने थंडाव्याची वाट बुजली असेल, किंवा त्या बाजूचा कार्बोरेटर तुंबला असेल. टू-स्ट्रोकमध्ये वंगण इंधनातूनच मिळते. इंधन कमी पडले की वंगणही तुटते आणि दट्ट्या भिंतीला घासतो.

कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. काटा चांगला वर आला, तर कडी वा भिंत झिजलेली. हलला नाही, तर गॅस्केट किंवा खुद्द दट्ट्याच दोषी असण्याचा संभव. पण हीच युक्ती लबाड विक्रेताही जाणतो. आधीच तेल पाजलेले इंजिन घटकाभर तरुण दिसते. बाहेर काढलेले प्लग तेलाने थबथबलेले असले, तर इंजिन पुन्हा चांगले चालवून मोजणी दुसऱ्यांदा करावी. ते मान्य नसेल तर तो व्यवहार सोडावा.

फोर-स्ट्रोक इंजिनाची गोष्ट निराळी. त्यांपैकी काहींत दोर ओढणे सोपे जावे म्हणून दाब थोडा सोडून देणारी योजना असते; तेथे आकडा मुळातच कमी येतो आणि उत्पादकाच्या पुस्तिकेशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

एवढे करूनही मापक फक्त वरच्या भागाची साक्ष देतो. खालच्या गिअरपेटीचा तळाचा स्क्रू सैल करून दोन थेंब तेल बोटावर घ्यावे. ते दुधासारखे पांढरट आले, तर आत पाणी शिरले आहे; नवी सीले आणि बहुधा बेअरिंगे यांचा खर्च ठरलेल्या किमतीतून तेथल्या तेथे वजा करावा.